भिंतीची वर्गणी

फादर, बसा. खुर्चीचा एक पाय आखूड आहे,
मागे टेकून बसलात तर डुलणार नाही.
पावतीपुस्तक राहू दे मांडीवर.
आधी चहा.

आषाढातल्या अमावास्येला
समुद्रानं सिमेट्रीची भिंत नेली, ती मी पाहिली.
अख्खं देवबाग जागं होतं.
जांभे दगड एकेक सुटत होते,
रोझरीचा दोरा तुटल्यावर मणी जावेत तसे,
आणि सकाळी आतलं कोण, बाहेरचं कोण
काही कळेना.

बाहेर माझा भाऊ होता, बस्त्यांव.
तुमच्या आधीच्याही आधीचे फादर,
देव त्यांना सुखात ठेवो, म्हणाले होते,
ज्यानं जीव आपल्या हातानं दिला
त्याला आतली माती नाही.
मग उंडीखाली खड्डा खणला, मी आणि सोनू तांडेलानं.
सोनूला ना आपली प्रार्थना येत होती, ना खुरीस काढता.
माती लोटून झाल्यावर तो एवढंच म्हणाला,
"सावकास जा रे, बाबा."
पहाटे होडी लोटताना म्हणतात तसं.
त्याहून खरी मिस्सा मी अजून ऐकलेली नाही.

लहानपणी आम्हांला शिकवलं होतं,
स्वर्गाचं राज्य जाळ्यासारखं.
चांगले मासे भांड्यात, वाईट फेकून देतात.
पाठ होतं. छडीच्या भीतीनं पाठ.
पण तुम्ही घाटावरचे, चंदगडकडचे.
रापण ओढलीय कधी?

मी चाळीस वर्षं ओढली.
दोन्ही दोरांना गाव लागतं.
उशिरा आलेला शेवटाला धरतो.
आंधळी कार्मेलीण नुसता हात लावून उभी राहायची,
पोरं हसायची, "म्हातारे, ओढतंस काय नाचतंस?"
पण वाटा पुरा. मोजून.
आणि वाईट मासे?
केंड, समुद्रसाप, बोटाएवढी पिल्लं?
फेकतो, हो.
पण कुठे फेकतो, फादर?
समुद्रातच ना?
फुगलेला केंड जरा वेळ उताणा तरंगतो,
मग पोटातला वारा सोडतो
आणि जातो.

येशू तर किनाऱ्यावरच उभा राहायचा,
त्याला हे ठाऊक असणार.
पाठ करून घेणाऱ्यांनी जाळं पाहिलं नसावं.
माझं चुकत असेल.
झोप येत नाही तेव्हा मी त्याच्याशी बोलते,
पुस्तकाबाहेरचं, मालवणीत,
आणि तो ऐकतो,
पायांची वाळू झाडत बसलेल्या माणसासारखा.

मी इगर्जीत येत राहीन.
घंटा झाली की पाय आपोआप निघतात.
नरकाचं मात्र मला सांगू नका.
असलाच तर तोही कुठल्यातरी काठावर असेल,
आणि उधाण त्याच्याही भिंतीला लागत असेल.

वर्गणी घ्या. पाचशे.
गुरं शिरतात, कुत्री उकरतात, मलाही कळतं.
भिंत बांधा.
फक्त पाया उंडीच्या पलीकडून घ्या.
तिथे बस्त्यांव आहे,
आणि त्याच्या डाव्या अंगाला
माझं दुसरं, तीन तासांचं,
डोक्यावर पाणी पडायच्या आधीच गेलेलं.
पावती त्याच्या नावानं फाडा.
नाव ठेवलं नव्हतं.
तेवढी जागा कोरी सोडा.

चहा निवला तुमचा. द्या इकडे.