जो ओरडेल त्याची लाइन

यादीत एकेचाळीस लाइनी उरल्या होत्या.
चाळिसांना धनी सापडले:
एक बँक, जिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं,
हार्लिंगेन बंदरातला वजनकाटा,
तीन रेल्वे फाटकं, एक शवागार.
सगळ्यांचं म्हणणं एकच,
चालतंय ना, मग हात लावू नका.
एकेचाळिसावीपुढचा रकाना कोरा.

गोसेला फोन केला. तो निवृत्त झालाय, बोटी रंगवतो.
"विचारत बसू नकोस," म्हणाला,
"उपट आणि थांब.
जो ओरडेल त्याची लाइन."

उपटण्याआधी दोन दिवस नुसतं ऐकलं.
दर सहा तासांनी एक पुडकं, अडतीस बाइटचं,
एक्स.२५च्या जुन्या शिस्तीत निघायचं.
तांब्याच्या तारेवर कुणाचा भरवसा नव्हता
तेव्हाची ही रीत:
नाक्यानाक्यावर थांबायचं, मोजून घ्यायचं,
मागच्याला 'मिळालं' म्हणायचं
आणि मगच पुढच्याच्या हातात द्यायचं.
मयताच्या घरी दागिने वाटताना
माणसं असंच मोजतात.

नंतर फ्रेम रिले आलं. त्याचा तारेवर विश्वास.
नासलेलं पुडकं ते वाटेतच टाकायचं,
कुणाला न सांगता.
मग एटीएम, पैसे देणारं नव्हे, दुसरं.
बत्तीस की चौसष्ट या भांडणात
अठ्ठेचाळीसवर तोडगा निघाला,
आणि प्रत्येकाच्या पाठीवर पत्त्याचे पाच वेगळे.
ती दोन्ही मी याच हातांनी काढली,
भंगारवाल्या वोबेनं किलोवर नेली.
नातवंडं आधी गेली,
हा म्हातारा मोजत बसलाय.

दुसरं टोकही सापडलं होतं:
लेउवार्डनमधली कुलूपबंद खोली.
ज्या खात्याची, ते दुसऱ्यात विलीन,
दुसरं तिसऱ्यात.
आतलं यंत्र पुडकं घेतं,
'मिळालं' म्हणतं,
आणि पुसून टाकतं.

मंगळवारी उपटली.
बुधवार गप्प.
गुरुवारी मी यादीची फाइल बंद करायला घेतली,
का कोण जाणे, केली नाही.

शुक्रवारी रात्री फोन.
हेडझर नावाचा माणूस. आमचा ग्राहक नव्हे.
बांधाखाली घर, साठ गाई.
"बांधावरच्या विटांच्या खोलीत
एक हिरवा दिवा असायचा.
स्वयंपाकघरातून दिसतो. बावीस वर्षं बघतोय.
बायको गेली त्या रात्रीही बघत होतो,
दुसरं बघायला काही नव्हतं.
मंगळवारपासून तो तांबडा झालाय.
आत काय आहे ते मला नको.
एवढंच सांगा,
तांबडा म्हणजे पाणी वर आलं का?"

नकाशा उघडला. विटांची खोली,
बारीक अक्षरात: पाणीपातळी.
म्हणजे ते अडतीस बाइट
एवढी वर्षं पाणीच सांगत होते,
नाक्यानाक्यावर मोजून, कुलपापर्यंत.

"पाणी जागेवर आहे," मी म्हणाले.
मला ठाऊक नव्हतं.

वायर परत खोचली.
पलीकडून हेडझर म्हणाला, "थांबा...
हं. झाला हिरवा."
आणि थँक्यू वगैरे न म्हणता फोन ठेवला.

रकान्यात लिहिलं, वापरात: होय.
धनी: हेडझर, बांधाखालचा.
मग रबरी बूट गाडीत टाकले
आणि निघाले,
पाणी खरंच कुठवर आहे ते बघायला.