बंद होताना

कुरेसारे. पहाटे तीन. उणे एकोणीस.
नवी आवृत्ती चढवली, जुनी उतरली.
म्हणजे मला तसं वाटलं.

जावा जागी झाली की सगळ्यांत आधी
हेल्दुरचं काम उठतं,
कुणी पान उघडायच्या आत, न सांगता.
दर वीस मिनिटांनी समुद्रावरचा बर्फ विचारायचा
आणि पलीकडच्या बेटावर कळवायचं,
सकाळची बोट आहे की नाही.
आठ वर्षं. बटण असं कुणी दाबलंच नाही.

साडेतीनला फोन. विर्वे, वय एक्याऐंशी,
आज डॉक्टरांची वेळ घेतलेली.
"दोन निरोप आलेत गं.
एक म्हणतो सातला सुटेल,
एक म्हणतो सुटणार नाही.
कुणाचं ऐकू?"

शोधलं. जुना धागा तुटलाच नव्हता.
खाली कुठेतरी बसून
कालच्याच बर्फावर हिशेब करत होता,
इमानदारीत.

हेल्दुरच्या फाइलीत दोन कप्पे.
सुरू होताना: चाळीस ओळी, नेटक्या,
एकेकीला विचार करून ठेवलेलं नाव.
बंद होताना: दोन महिरपी कंस,
मध्ये एवढंच, हे नंतर बघू.
तारीख नोव्हेंबरची.
डिसेंबरात त्याची खुर्ची आम्ही भिंतीला लावली.

विर्वेला म्हटलं, बोट नाही. झोपा तुम्ही.
कंसांमध्ये एक ओळ लिहिली: थांब.
सगळंच बंद केलं, मुळापासून, मग पुन्हा सुरू.
उठल्या उठल्या निरोप गेला.
एकच.

त्याची टीप पुसायला बोट उचललं होतं.
राहू दिली.
नंतर बघू.