दोन थांब्यांच्या मध्ये

तलावपाळीवर रात्री दहाला
आमच्या पाठींवर सेफ्टीपिनांनी कागद लावले.
वर छापलेलं : यांच्यासाठी चालतोय.
खाली मोकळी रेघ.
मार्कर माझ्यापर्यंत आला तेव्हा अर्धा वाळला होता.
सुमेध लिहिताना ध उमटलाच नाही,
पुन्हा गिरवला, जाड झाला.
दोन वर्षांत त्याचं नाव मी पहिल्यांदा लिहिलं,
दाखल्याचा अर्ज सोडला तर.

ठाणे ते बेलापूर, सव्वीस किलोमीटर.
म्हटलं, हा तर माझाच रूट.
एकतीस वर्षं दांड्यावर पंच वाजवत
याच रस्त्यानं गेलो :
विटावा, दिघा, रबाळे,
चला, पुढे चला, पुढे मोकळं आहे.

तेराव्यानंतर डेपोत, जिन्यात, दुधाच्या रांगेत
लोक मलाही हेच म्हणाले,
पुढे चला.
आणि पुढे होतंच मोकळं,
इतकं, की धरायला दांडा नाही.

पायी कळलं,
दोन थांब्यांच्या मध्येही रस्ता असतो.
दिघ्याच्या पुढे नाल्यावर वाकलेला पिंपळ,
भंगारवाल्याचा तीन पायांचा कुत्रा,
कंपन्यांच्या भिंतींमागून येणारा तो वास,
आधी गुळासारखा, मग घसा धरणारा.
एकतीस वर्षं यातलं काही दिसलं नव्हतं.
मी सुट्टे मोजत होतो.

घणसोलीला फ्लेव्ही आंटी
मीठ-साखरेचं पाणी देत होती.
तिच्या पाठीवर एडविन, नऊ वर्षांपूर्वीचा.
म्हणाली, सुरुवातीला रोज भांडायचे त्याच्याशी.
आता फक्त रविवारी.
आणि हसली,
आणि माझा ग्लास परत भरला, न विचारता.

रोज सहाशे माणसांना विचारायचो, कुठं जायचं?
उत्तर आल्याशिवाय एकालाही सोडलं नाही.
रात्री घरी पोचायचो तेव्हा
सुमेध गॅलरीत, मोबाइलच्या उजेडात.
जेवलास?
हो.
तेवढ्यावर मी पुढे सरकायचो,
तिकीट देऊन झाल्यासारखा.

तुर्भ्याला तीन वाजता
मार्केटकडे ट्रक वळत होते.
माझ्यापुढे एक मुलगी, पाठीवरची रेघ कोरी.
विचारलं, मार्कर संपला होता का?
नाही काका, म्हणाली.
मी माझ्यासाठीच चालतेय.
नाव लिहायची लाज वाटली.

अशा वेळी काय बोलायचं
ते शिबिरात शिकवलं होतं, वहीत आहे माझ्या.
वही घरी.
तोंडातून आलं ते जुनंच :
कुठं जायचं?

कांद्याचा ट्रक गेला,
सालं उडून आमच्या केसांत बसली.
तिनं नाव सांगितलं, अफरीन.
मग सानपाड्याच्या पुलापासून
पार नेरूळपर्यंत ती सांगत राहिली,
मध्येच गप्प व्हायची, दोन-दोन खांब.
मीही गप्प चालायचो.
डावा पाय फोडानं पेटलेला,
पण मी पुढे सरकलो नाही.

बेलापूरला उजाडताना
तिचा भाऊ स्कूटर घेऊन उभा होता,
दुसरं हेल्मेट छातीशी धरून.
तिनं विचारलं, पंच अजून आहे तुमच्याकडे?
होता, खिशात, सवयीनं.
तिच्या कागदाच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं.
ती म्हणाली, आता इन्स्पेक्टर आला तरी चालेल.
मी कितीतरी दिवसांनी
मोठ्यानं हसलो आणि घाबरलो त्या आवाजाला.

घरी आलो.
सुलभानं दार उघडलं,
काही न बोलता मला वळवलं,
पाठीवरच्या पिना काढायला लागली.
तीन निघाल्या.
चौथीपाशी तिचा हात थांबला.

सुमेध, तिनं वाचलं. मोठ्यानं.
मग म्हणाली,
ध केवढा फुगवलायस.
तोही असाच काढायचा.