स्रोत : प्रत्यक्ष निरीक्षण

लेगॉनच्या टेकडीवरची खोली आज रिकामी करायची आहे.
सदतीस वर्षांचे कागद. वार्षिक अहवाल,
वाळवीने कडा कुरतडलेली पतधोरणाची निवेदनं,
बासेलच्या परिषदेतलं गळ्यात अडकवायचं कार्ड.
त्यावर एन्योनमचं अनेमोनी झालेलं,
कुठल्याशा युरोपी फुलाचं नाव.
तीन दिवस मी फूल म्हणून वावरले
आणि तरत्या विनिमय दरावर बोलले.

सगळ्यांत खाली, शाळकरी वही.

आफ्लाओच्या फाटकापाशी आईचं टेबल होतं.
टेबल कसलं, कांद्याचं खोकं, वर मेणकापड.
अलीकडे सेडी, पलीकडे लोमेचे फ्रँक,
मधे लोखंडी गज आणि शिपायाची डुलकी.
डादा, आम्ही आईला डादाच म्हणतो,
नोटा मोजायची नाही, ऐकायची.
अंगठ्याखालून सरसरत गेल्या की म्हणायची, "एक कमी आहे,"
आणि एक कमी असायची.
रोज रात्री कंदिलापाशी वहीत दोन आकडे :
घेतला तो भाव, दिला तो भाव.
कधी शेजारी एखादा शब्द.
"मासळी नाही." "ट्रक अडकले." "रेडिओवर भाषण."

पुढे मी शिकले की ह्याला
मध्यवर्ती बँकेची विश्वासार्हता म्हणतात.

प्रबंध लिहिला तो ह्याच वहीवर.
सरकारी दर वर्षभर ढिम्म हलला नव्हता,
वहीतला रोज धापा टाकत होता.
परीक्षकांनी विचारलं, ही मालिका आणली कुठून?
पान एकशे चौदा, मी तळटीप दिली :
अनौपचारिक बाजार. स्रोत : प्रत्यक्ष निरीक्षण.
आईला दोन शब्दांत गुंडाळलं
आणि डॉक्टर झाले.

मग समितीवर गेले. थंडगार खोली, पाण्याच्या बाटल्या,
गंगाजळी साडेपाच आठवड्यांच्या आयातीपुरती.
एका शुक्रवारी ठरलं : सोमवारपासून डॉलर विकायचे नाहीत.
सेडीला सोडून द्यायचं, पडेल तिथे पडेल.
आठ माणसं, आठ सह्या,
सोमवारपर्यंत तोंडाला कुलूप.

त्याच रात्री डादाचा फोन.
गुडघा दुखतो, पाव महागला, मामाच्या मुलीचं ठरलं,
आणि मग सहज, शेजारणीकडे मीठ मागावं तसं :
"एक कापडवाला आलाय. त्याला माझे सगळे फ्रँक हवेत,
पेटीभर सेडी देतो म्हणतो. घेऊ?"

तारेत समुद्र वाजत होता.
मी म्हटलं, गुडघ्याला शिआचं लोणी चोळ.

मंगळवार संपेतो पेटीचा तिसरा हिस्सा वितळला.

वर्षभराने, अक्पले आणि भेंडीचा रस्सा वाढताना
माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
"त्या रात्री उत्तराला तू जेवढा वेळ लावलास ना,
तेवढ्यात मी ऐकलं होतं. एक कमी होती."

मग घेतल्यास कशाला त्या सेडी?

"नसत्या घेतल्या
तर तू मला सांगितलंस असं झालं असतं."
आणि माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात सरकवला.

त्यानंतर मी बारा शोधनिबंध लिहिले.
अपेक्षा, माहितीची विषमता, हस्तक्षेपाची किंमत.
एका दूरच्या बँकेने बोलावून विचारलं,
लोक विश्वास कधी ठेवतात?
मी आलेख दाखवले. त्यांना पटले.
मानधन युरोत मिळालं.

वहीचं शेवटचं पान त्या शुक्रवारचं आहे.
घेतला तो भाव. दिला तो भाव.
शेजारी पेन्सिलीने, "मुलीला फोन केला."
पुढची पानं कोरी. हिशेब ठेवायचा तिने का सोडला
ते मी विचारायचं राहिलं,
आता फाटकापाशी तिच्या जागी मोबाइलची कार्डं विकतात.

खाली गाडी थांबलीय. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.
पुस्तकं ग्रंथालयाला, बाकीचं रद्दीत.
प्रबंधाची प्रत मांडीवर घेऊन मी पान एकशे चौदा उघडलंय,
दोन शब्दांवर काट मारलीय,
आणि त्यांच्या जागी आफिवा क्पोदो असं लिहायला घेतलंय.
पेन झटकतेय. शाई उतरत नाही.
अजून "आफि"पर्यंतच आलंय.