न बुजवायची जागा

आधी मागचं दार. त्याच्या रबराचं वय झालंय,
कोपऱ्यात ते ओठ मुडपून बसतं.
मग छतातली झडप, मग सरकत्या दाराखालची फट,
जिथून हिवाळ्यात बर्फाची भुकटी यायची
आणि आता, जूनच्या अखेरीस, इनारीच्या अलीकडे,
ते येतात.

ओइवा म्हणतो, मुंगी शिरायला जागा ठेवली नाही मी.
मुंगीचं कोण बोलतंय, ओइवा.

मी कोत्काच्या बंदरात तीस वर्षं शिडं शिवली.
वारा धरून ठेवणारं कापड माझ्या बोटांना कळतं.
हे उलटं कापड: वाऱ्याला वाट द्यायची,
वाऱ्याच्या पाठीवर बसून येणाऱ्याला नाही.
काठाला लोहचुंबकाच्या टिकल्या टाचल्या,
खाली शिशाचे मणी, मासेमारीच्या जाळ्याला असतात तसे.
आत शिरताना आम्ही दोघं ओरडतो, आत्ता!
आणि एका दमात आत, मागे जाळी चटकन मिटते.
चाळीस वर्षांच्या संसारात
इतकं एकमतानं आम्ही काहीच केलं नव्हतं.

रात्र नाही इथे. म्हातारा कुत्रा अंगणात हिंडावा
तसा सूर्य क्षितिजाकडेनं हिंडतो, बसत नाही.
दोन वाजलेत, पत्र्यावर मधाच्या रंगाचं ऊन,
जाळीपलीकडे ते: करडी, हलती लोकर.
सगळं बंद. सगळं दोनदा तपासलेलं.
तरी कानाशी एक सूर,
कुणी केसानं काच कापत असल्यासारखा.

एक. मग तीन. मग मोजणं सोडलं.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
ओइवानं रस्त्यांचा नकाशा गुंडाळला
आणि नॉर्वेच्या हद्दीवर दोन चिरडले.

सकाळी (घड्याळ म्हणतं म्हणून सकाळ)
तो पालथा पडला, डोकं गॅसच्या कप्प्यात.
सापडलं. तळाला बोटभर भोक,
गाडी बनवणाऱ्यानंच ठेवलेलं.
त्यानं चिंधीचा बोळा वळला.
मी मनगट धरलं.
हे नाही, ओइवा. गॅस हवेपेक्षा जड.
गळलाच, तर तो खाली खाली सरपटतो,
त्याला जायला एवढीच वाट.
ही बुजवलीस तर डास येणार नाहीत,
आणि एखाद्या दिवशी आपणही उठणार नाही.

बोळा मुठीत घेऊन तो बसून राहिला.
गोदीतली त्याची क्रेन बंद झाली त्या वर्षी
त्यानं तोंड असंच बुजवलं होतं, नीट, कडेकडेनं.
मला घरात काडी ओढायची भीती वाटायची.
हे मी बोलले नाही. तो मात्र
बोळ्याकडे बराच वेळ बघत होता.

पेट्रोल पंपावर राउना भेटली, रेनडिअरवाली,
उघडे हात, मानेवर चार बसलेले, तिला पत्ता नाही.
ओइवानं डासांना शिवी हासडली. ती हसली.
म्हणाली, हे नसते तर कळप जंगलात पांगला असता,
माणसं लावून हुडकत बसलो असतो.
हेच त्यांना वर हाकतात, उघड्या डोंगरमाथ्यावर, वाऱ्याला.
तिथे आम्ही वासरांच्या कानांना खुणा करतो.
गुराखी आहेत ते आमचे. पगार काय,
थोडं रक्त.

संध्याकाळी ओइवानं माझी चहाची गाळणी कापली.
पोलादी जाळीचा गोल, चार स्क्रू, भोक उघडंच.
हवा जाते, गॅस जाईल,
चहात तेवढी पानं येतात. येऊ देत.

झोपताना तो म्हणाला, त्या क्रेनवरून ना,
एस्टोनियाकडून येणारी जहाजं सगळ्यात आधी मला दिसायची.
एवढंच. मी कूस बदलली नाही,
न जाणो, थांबेल.

मग कुठूनसा एक आलाच.
राहू दे, ओइवा म्हणाला, कामावर असेल.
चावल्यावर मारला.