मानवी व्यत्यय

पुसाचं धुकं तलावावरून अजून उठलं नाही.
बाबा गडव्यानं डोंग्यातलं पाणी उपसतात,
नागपूरहून आलेल्या दोघांना म्हणतात, मधी बसा,
अन् हलू नका, हा डोंगा आहे, बस नाही.
बोकाडे सर दुर्बिणीची काच मफलरनं पुसतात.
माझ्या मांडीवर तक्ता,
तक्त्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल,
आणि पायाशी बाबांचं कालचं जाळं, ओलं,
ज्याचा वास मी साकोलीला कॉलेजात जाताना
दोनदा साबण लावून धुते.

हा शिवनटोल्याचा तलाव. कोणी खांदला
ते गावात तिघं जण तीन तऱ्हेनं सांगतात.
अर्ध्या पाण्यात आता पाटी रोवलीय :
येथून पुढे मासेमारीस मनाई.
पाटीवर पाणकावळा पंख वाळवत बसतो.
तिकडं बुडतो, इकडं निघतो,
चोचीत सोसायटीच्या रोहूचं पिल्लू.
त्याले वाचता येत नाही, बाबा म्हणतात,
माह्यासारखंच.

हळदीकुंकू बदक, बावीस.
शेकाट्या, नऊ. (बाबांचा 'लांबटांग्या')
टिबुकली चार, नाही, पाच,
एक पाण्याखाली होती, बाबांनी बोट दाखवलं तिथंच वर आली.
सर विचारतात, तुम्हाला कसं कळलं?
बुडबुडे, बाबा म्हणतात, आणि बांबू पुढं ढकलतात.

अडई मात्र फक्त अकरा.
मागच्या साली आम्ही तीनशे लिहिल्या होत्या.
सर पाण्याकडं पाहत राहतात,
बाबा सरांकडं.
मग एकेक शब्द सुटा करून सांगतात :
देवधान गेलं. गाद गेली. बेशरम वाढली.
सोसायटीनं गवत खाणारे मासे सोडले, त्यांनी तळ साफ केला
झाडूनं झाडल्यासारखा.
मरळीले घर नाही, अडईले जेवण नाही.
सर म्हणतात, हे तुम्ही कुठं सांगितलं होतं का?
बाबा हसतात.
कोणाले?

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत :
मानवी व्यत्यय. आहे / नाही.
असल्यास स्वरूप.

पेन्सिल थांबते.
बांबू पाण्यात पडला की पुढची बदकं उडतात,
हे मी सकाळपासून बघतेय.
खरं काय ते मला दिसतंय
आणि खऱ्याच्या तोंडाशी माझ्या बापाची पाठ आहे,
स्वेटरला कोपरावर भोक, आईनं दुसऱ्याच रंगानं शिवलेलं.
'आहे' वर मी खूण करते.
स्वरूप : डोंगा, एक.

काय लिवलं, पोरी?
मी सांगते. खोटं सांगता आलं असतं.
बाबा बांबू वर काढतात, त्यावरून पाणी ओघळू देतात.
बराबर आहे. मी आलो का उडतेत.
मंग?
जराकसं मांगं पाय.

मागं आमच्या डोंग्याची ढवळलेली वाट,
आणि वाटेवर बगळे उतरलेत, एकापाठी एक,
वंचक, खंड्या, नाव न लिहिलेला एक तांबूस पाखरू,
उसळलेल्या चिंगळ्यांवर चोची मारत,
जणू बाबांनी पंगत वाढली आणि
स्वतः न जेवता पुढं निघाले.
सर दुर्बीण मागं फिरवतात. मोजा, मोजा, म्हणतात.
पण मोजायचं कोणत्या रकान्यात?

धुकं फाटतं. पाळीपलीकडं धानाच्या बांध्यांत
लाखोरी निळी फुललीय.
बाबा जाळं उचलून डोंग्याच्या टोकाला ठेवतात,
पाटीच्या अलीकडं, एका वितीवर.
सर तिकडं बघत नाहीत. 
मी तक्ता उलटा करते, मागची बाजू कोरी आहे,
आणि तिथं लिहायला घेते :
बगळे, डोंग्यामागं, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं,
सतरा.
नाही, अठरा.