चिल्वा, चिर्वा

सरोवर एकच. आम्ही मलावीवाले त्याला चिल्वा म्हणतो,
पलीकडे मोझांबिकात चिर्वा.
ल आणि र यांच्या फटीत
फेलिझार्दाची बारा वर्षांची टिपणं पडून होती,
कितीही शोधलं तरी मला दिसली नसती.
ती माझ्याच गोगलगायी मोजत होती,
त्याच लव्हाळ्यात, पोर्तुगीजमधून.
ज्यांच्यामुळे किनाऱ्यावरच्या पोरांच्या लघवीत
रक्त उतरतं, त्या.

भेट झाली कोपनहेगनला, चहाच्या सुट्टीत.
माझ्या बिल्ल्यावरचं गाव वाचून म्हणाली,
"झोंबा? आभाळ स्वच्छ असलं
की तुमचा डोंगर दिसतो मला अंगणातून."
काखेत कळसा होता,
वळसा तीन विमानांचा,
तोही यजमानांच्या पैशाने.

मग निधी आला. सोबत अटींची सत्तावीस पानं.
चिखल आमचा, जनुकं वाचणार ते.
बाटल्या ब्लांटायरच्या कस्टममध्ये सात आठवडे.
"काय आहे यात?"
"इथेनॉल, साहेब."
"म्हणजे दारूच की."
तिकडे फेलिझार्दाला नाक्यावर उतरवलं,
थर्मासात जिवंत गोगलगायी
आणि परवाना चुकीच्या भाषेत.

जानेवारीत तीन दिवस वीज गेली.
फ्रीजर घामेजला.
मी बाजारात धावलो, नासिबेकोकडे,
त्याने बर्फाच्या पेटीतले मासे
सरळ फळीवर ओतले.
"अरे, मग माशांचं काय?"
"मासे आज पडेल भावात जातील.
तुझ्या गोगलगायी कोण घेणार?"

लेख छापायच्या आधी विचारणा आली:
प्रत्येकाचं योगदान यादीतून निवडा.
संकल्पना, निधी, विश्लेषण, देखरेख.
बर्फ कुठेच नव्हता.
मी देखरेखीत नासिबेकोचं नाव घातलं.
उत्तरेतून नम्र पत्र आलं,
"हे गृहस्थ कोणत्या विद्यापीठाचे?"
त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

निधी संपला मार्चमध्ये.
आता शुक्रवारी कांद्याच्या होडीतून
फेलिझार्दाची वही येते,
सोमवारी माझे आकडे घेऊन परत जाते.
होडीवाला भाडं घेत नाही,
एवढंच विचारतो, यंदा पोरांना
पाण्यात सोडू का.
पहिल्या पानावर सरोवराची दोन्ही नावं,
तिने लिहिलेला ल, मी लिहिलेला र.
कडांना ओल लागते, शाई पसरते.
वाचता येतं.